कानसेन वेग बघायला जातो

शेडमधल्या लोकांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. ते त्याला इतकं चिकटलं, की हजेरीला खरं नाव पुकारलं की तो स्वतःच मान वळवून बघायचा, हा कोण नवीन आला म्हणून.

वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये तो फिटर होता. धुराने काळं पडलेलं उंच छप्पर, खाली रुळांच्या मधोमध माणूस उभा राहील एवढे खोल खड्डे, आणि सगळीकडे तेल, राख आणि ओल्या लोखंडाचा वास. धावून दमलेली इंजिनं इथे यायची, थंड व्हायची, उघडली जायची, दुरुस्त होऊन पुन्हा तापायची आणि फुसफुसत निघून जायची. कानसेनकडे होते चाकांचे दांडे.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. वाफ सिलिंडरमधल्या दट्ट्याला ढकलते. दट्ट्या नुसता पुढे आणि मागे होतो, त्याला दुसरं काही येत नाही. एक लांब, जाड पोलादी दांडा ही त्याची ये-जा चाकापर्यंत नेतो आणि चाकाला गोल फिरवतो. दांडा आणि चाकावरची खुंटी जिथे भेटतात, तिथे असतं बेअरिंग. इंजिनाचं सगळं बळ या एका सांध्यातून जातं. सांधा सैल झाला तर ठोके बसतात, घट्ट झाला तर तापतो आणि आतला मऊ पांढरा धातू लोण्यासारखा वितळून वाहून जातो. म्हणून तो बेतानेच बसवावा लागतो. कानसेन चाकाच्या खुंटीला निळा रंग चोपडायचा, त्यावर बेअरिंग फिरवायचा, आणि जिथे निळा डाग उमटेल तिथे धातू किंचित वर आहे असं समजून तेवढाच खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं, पुन्हा खरवडणं. निळाई सगळीकडे सारखी पसरली की काम झालं. घरी जेवायला बसला की त्याच्या नखांत ती निळाई दिसायची. बायको म्हणायची, "आज आकाशात हात घालून आलात वाटतं."

पण नाव पडलं ते कानांमुळे. शेडमध्ये शिरणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकून तो कुठे काय बिघडलंय ते सांगायचा, आणि ते बहुतेक वेळा खरं निघायचं. उमेदवारीच्या दिवसांत त्याच्या उस्तादाने त्याला एक गोष्ट शिकवली होती. "इंजिन आलं की डोळे मीट. डोळे उघडे असले की ते मधेमधे बोलतात, कानाला काही बोलूच देत नाहीत." उस्ताद जाऊन जमाना झाला, पण इंजिनाची चाहूल लागली की कानसेनच्या पापण्या आपोआप मिटायच्या. लोक हसायचे. कुणी म्हणायचं झोपला, कुणी म्हणायचं ध्यानाला बसला. तो मात्र मिटल्या डोळ्यांनी एकेक सांधा चाचपत असायचा. वाफेचा फुस्कारा, तो बरोबर. मग दुसरा, तोही बरोबर. आणि मग कुठेतरी त्यांच्या पाठीमागे एक बारीकसा 'टक', दाराआड कुणी हलकेच कडी वाजवावी तसा. तो ऐकला की कानसेन डोळे उघडायचा. "उजवीकडचं. मागचं. घ्या सोडवायला."

या सगळ्या इंजिनांमध्ये एक त्याच्या विशेष जिव्हाळ्याचं. शेडमधलं सगळ्यात जुनं, सगळ्यात उंच चाकांचं, लांब पल्ल्याच्या जलद गाडीला जोडलं जाणारं. त्याला सगळे 'थोरली' म्हणायचे. कानसेनला मुलगी झाली तेव्हा शेडमधल्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं, थोरली इथे आहेच, म्हणजे ही धाकटी. एकुलती एक असूनही पोरगी जन्मभर धाकटीच राहिली. शाळेत तिला विचारायचे, तुझी मोठी बहीण कितवीत? ती सांगायची, "ती मेल गाडीवर आहे." आता ती दुसऱ्या शहरात संगणकाची नोकरी करते आणि फोनवर आधी आईची चौकशी करून मग विचारते, "आणि ताई कशी आहे?"

आता यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की एवढं आयुष्य काढूनही कानसेनने थोरलीला पळताना कधी पाहिलंच नव्हतं.

ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण नीट विचार केला तर पटतं. शेडमध्ये इंजिन येतं ते माणसाच्या चालीने. शेडजवळच्या स्टेशनात सगळ्याच गाड्या थांबतात, त्यामुळे तिथेही येणं आणि जाणं रांगतच. गाडीतून तो कैक वेळा फिरला होता, पण डब्यात बसलेल्या माणसाला इंजिन दिसत नाही. दुरुस्तीनंतरच्या चाचणीला तर तो खुद्द इंजिनावरच चढायचा, पण घोड्यावर बसलेल्याला जशी घोड्याची धाव दिसत नाही, तशी त्यालाही खालची चाकं दिसत नसत. थोरली खऱ्या अर्थाने पळायची ती नदीपलीकडच्या सरळ मार्गावर. तिथे ना वळण, ना चढ, ना स्टेशन. लग्नानंतर एकदा तो बायकोला म्हणाला होता, एक दिवस जाऊ आपण तिकडे, बघू. मग धाकटी झाली. मग जादा पाळ्या आल्या. मग आईचं आजारपण. थोरली काय, रोजच पळते, कुठे जाते? असं करता करता ते राहूनच गेलं.

आणि मग शेडच्या फळ्यावर सूचना लागली. वाफेची इंजिनं बंद. शेडमध्ये यापुढे डिझेल. जलद गाडीला थोरली शेवटची लागणार ती येत्या रविवारी: सकाळी जाणार, पलीकडच्या टोकाला तोंड फिरवून संध्याकाळी परत येणार, आणि मग तिचा विस्तव कायमचा विझणार.

सूचना वाचून सगळे हळहळले. घरी येऊन बूट काढता काढता कानसेन म्हणाला, "अगं, रविवारी आपल्याला जायचंय."

"कुठे?"

"बघायला."

बायको शाळेचे गणवेश शिवायची. पायाने चालवायचं मशीन तिने थांबवलं. काय बघायला, हे तिने विचारलं नाही. तिला ठाऊक होतं. "डबा करते," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने आतून हाक आली, "तेल घाला याला, कुरकुरतंय!"

"अगं, कानसेन तू का मी?"

"तुमच्यासोबत राहून गुण लागला."

पण मधेच एक घोळ झाला. थोरलीचा ड्रायव्हर म्हणजे कानसेनचा जुना दोस्त. त्याला सगळे वादळ म्हणायचे. चालायचा इतका सावकाश, बोलायचा त्याहून सावकाश, पण एकदा इंजिनाच्या मुठीवर हात गेला की नावाला जागायचा. शुक्रवारी तो चहाचा पेला घेऊन कानसेनच्या शेजारी येऊन टेकला.

"तू रविवारी सरळ मार्गावर उभा राहणार आहेस म्हणे."

"तुला कुणी सांगितलं?"

"वहिनींनी. भाजी घेताना." वादळने एक घोट घेतला. "फाटकाजवळ उभा राहा. पळवून दाखवतो तिला तुझ्यासाठी. पण एक आहे..."

"काय?"

"डावीकडे काहीतरी बोलतेय ती."

कानसेनचा पेला वाटेतच थांबला. "ठोका आहे का तापतंय?"

"ठोका. अगदी बारीक. मी म्हटलं, शेवटचीच तर फेरी आहे, चालेल."

"चालेल?" कानसेन उठून उभाच राहिला. "शेवटच्या फेरीला लंगडत जाणार होय ती?"

शनिवारी दिवसभर डावा दांडा खाली उतरलेला होता. दोघांना मिळून उचलावा लागे एवढा जड. सगळे म्हणत होते, अरे उद्यापुरतं तर आहे. कानसेन खुंटीला निळा रंग लावत होता, फिरवत होता, खरवडत होता. संध्याकाळी दांडा चढला. त्याने हातोडीने हलकेच ठोकून पाहिलं, तेल भरलं, चिंध्यांनी पुसून काढलं. पण उभ्या इंजिनाचं बेअरिंग काय सांगणार? ते बोलतं पळायला लागलं की.

रविवारी सकाळी दोघं पहिल्या बसने निघाले. नदीचा पूल गेला, घरं विरळ झाली, आणि बस अशा सपाट मैदानात आली की जिथे आकाशच जास्त होतं आणि जमीन नावापुरती. रूळ त्या मैदानातून ताणलेल्या दोऱ्यासारखे गेले होते. बायको म्हणाली, "कुणीतरी मशीनची टीप घातल्यासारखं दिसतंय."

रस्ता रुळांना छेदायचा तिथे फाटक होतं, फाटकाशेजारी एक खोलीची चौकी, चौकीसमोर दोन कोंबड्या आणि झेंडे घेतलेली फाटकवाली. माणसांशी बोलायला आसुसलेली बाई. तिने बाकडं झटकून दिलं.

"बसा दादा, बसा वहिनी. आज सकाळपासून तुम्हीच पहिले. मला वाटलं होतं, जत्रा लोटेल. शेवटचं इंजिन म्हणजे काय!"

"तुम्ही रोज बघता ना ताई?" कानसेनने विचारलं. त्याच्या आवाजात चक्क हेवा होता.

"मी? मी कुठे बघते! मी बघते चाकाला काही लटकतंय का, कुठून धूर निघतोय का, शेवटच्या डब्याची खूण आहे का. आणि हा झेंडा. आणि त्या कोंबड्या. गाडी बघायला सवड कुणाला!"

फाटक पडलं. पलीकडे एक सायकलवाला पाय टेकून थांबला. रुळांतून आधी एक गुणगुण यायला लागली, डासाच्या आवाजासारखी, कळेल न कळेल अशी. मग मार्गाच्या अगदी टोकाला, जिथे दोन्ही रूळ एक होतात, एक काळा ठिपका उमटला. कानसेन उभा राहिला. ठिपक्याच्या डोक्यावर धुराचा तुरा आला. ठिपका मोठा झाला.

आणि मग आवाज आला.

शेडमधला आवाज त्याला पाठ होता. सुटा सुटा, मोजता येईल असा. हा आवाज निराळाच होता. वाफेचे फुस्कारे एकमेकांच्या अंगावर चढले होते, सगळ्यांची मिळून एकच लांबलचक घरघर झाली होती, आणि ती जमिनीतून तळपायात शिरत होती. एवढ्या गर्दीत डावं बेअरिंग कुठे असेल? काय म्हणत असेल? तो 'टक' आहे की गेला? कानसेनने कान दिला. घरघरीच्या आत शिरला. तिथे आणखी आत एक लय होती, त्या लयीत उजवं होतं, डावं होतं. डावं कुठे? हे, हे डावं. स्वच्छ. पुन्हा. स्वच्छ. निळ्या रंगासारखं सगळीकडे सारखं पसरलेलं. शिट्टी झाली, ती त्याच्या अंगावरून वाऱ्यासारखी गेली, शर्ट पाठीला चिकटला, मग डब्यांचा खडखडाट, खडखडाट, खडखडाट...

"खणखणीत!" तो ओरडला. "अगं, डावं लोण्यासारखं चाललंय! टाचणीएवढा ठोका नाही!"

बायको दोन्ही हात गालांवर ठेवून उभी होती. तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले होते. "अहो, काय ती! आणि वादळभावजींनी केवढं वाकून हात केला! पाहिलंत ना?"

कानसेनने झटकन गाडीच्या दिशेने मान वळवली.

दूर शेवटचा डबा दिसत होता, बोटाच्या पेराएवढा. मग नखाएवढा. मग नाहीच.

"पाहिलंत ना?" बायकोने पुन्हा विचारलं, आणि मग तिला कळलं. "अहो! तुम्ही डोळे मिटलेत?"

त्याने मान खाली घातली.

"मिटलेत! शेडमध्ये मिटता तसे मिटलेत!"

"आपोआप मिटले गं," तो म्हणाला. आवाज इतका बारीक, की फाटक वर करता करता फाटकवालीही थांबली.

बायकोने कपाळावर हात मारला. "डोळ्यांत तेल घालून बघायचं ते! सगळं तेल बेअरिंगातच संपवून आलात!" आणि ती हसायला लागली. तिला आवरेना. फाटकवालीनेही तोंड झाकलं. मग बायकोने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू अर्ध्यावरच राहिलं. तो बाकड्यावर बसला होता आणि स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. धाकटी तापाने फणफणायची तेव्हा बसायचा तसा.

"संध्याकाळी परत येतेय ना," ती हळूच म्हणाली.

"पुन्हा मिटले तर?"

दुपार फार मोठी होती. चौकीच्या सावलीत दोघांनी डबा खाल्ला. मैदानावर ऊन असं पसरलं होतं, की लांबची झाडं जमिनीपासून सुटून हवेत उभी असल्यासारखी वाटत होती. रूळही लांबवर पाण्यासारखे हलत होते. कानसेन म्हणाला, "सांग ना, काय पाहिलंस?"

बायकोला कपड्यांबद्दल बोलता यायचं, माणसांबद्दल तर फारच. इंजिनाबद्दल तिला शब्द सापडेनात. "काळं होतं. मोठ्ठं. म्हणजे... आधी नव्हतं आणि मग होतं. मग गेलं."

"चाकं?"

"होती ना चाकं."

"अगं, फिरत कशी होती?"

"गोल," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

मग उपायांची चर्चा सुरू झाली. फाटकवालीने सुचवलं, डोळ्यांवर पाणी मारत राहा. बायको म्हणाली, "पापण्यांना टाके घालते. वर दोन, खाली दोन. माझी सुई आहे पिशवीत." फाटकवाली म्हणाली, "नाहीतर मी ओरडेन ना दादा, डोळे उघडा, डोळे उघडा म्हणून." कानसेन म्हणाला, "तुमचं ओरडणं ऐकू येणार आहे का त्यात?"

आणि तिथे तो थबकला.

"डोळ्यांचा दोषच नाही," तो सावकाश म्हणाला. बिघाड कुठे आहे ते सापडलं की त्याचा आवाज असा व्हायचा. "डोळे बिचारे मिटतात, कारण कानाला ऐकायचं असतं. कानाला काही ऐकूच आलं नाही, तर ते कशाला मिटतील?"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणजे कान बंद करायचे?"

"कान बंद करायचे."

"आणि ते डावं बेअरिंग? ते कसं चाललंय, ते नाही ऐकायचं?"

हा प्रश्न त्याला लागला. "सकाळी ऐकलं," तो रुळांकडे बघत म्हणाला. "ठीक होतं. आता तिचं ती बघेल."

परतीची वेळ जवळ आली तसे ते दोघं रूळ ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले. थोरली तोंड फिरवून येणार, म्हणजे तिची डावी बाजू आता तिकडे असणार. एवढं कानसेनच्या डोक्यात पक्कं होतं. ऊन तिरपं झालं होतं. तेवढ्यात चौकीतला फोन वाजला. फाटकवाली दारात येऊन ओरडली, "अडकलीय हो! आधीच्या स्टेशनात. सिग्नल नाही!"

कानसेनने सूर्याकडे पाहिलं. मैदानाच्या कडेला झाडांची एक काळी रांग होती आणि सूर्य तिच्यापासून हातभर वर होता. तो खाली गेला की इथे सावली येणार, आणि सावलीत थोरली म्हणजे नुसता अंधाराचा तुकडा. उद्यापासून तर तोही नाही. सूर्य उतरत होता. बायकोने त्याचा हात धरला होता.

पुन्हा फोन वाजला. "सुटली!" फाटकवाली या खेपेला धावतच बाहेर आली. "उशीर झालाय दादा. आता ड्रायव्हर दाबून आणणार बघा!"

फाटक पडलं. रूळ गुणगुणायला लागले. गुणगुण कानावर येताच कानसेनच्या पापण्या जड झाल्या. "अगं, धर!" तो म्हणाला. बायको त्याच्या मागे उभी राहिली, टाचा उंचावल्या, आणि आपले दोन्ही तळवे त्याच्या कानांवर दाबले. सुईने टोचून टोचून राठ झालेली बोटं त्याच्या कानशिलांवर रुतली.

जग गप्प झालं.

पूर्ण गप्प नव्हे. तिच्या तळव्यांतून एक घुमणारा आवाज येत होता, शंख कानाला लावल्यासारखा, लांबच्या पाण्याचा. पण इंजिनाचं काही नाही. ना रूळ, ना वाफ, ना शिट्टी. पापण्या उघड्याच राहिल्या. त्यांना मिटायला कारणच नव्हतं.

टोकाला ठिपका आला. उन्हात तो काळा नव्हता, तांबूस होता. धुराचा तुरा मागे पडून सबंध गाडीवर आडवा झोपला होता, विंचरलेल्या केसांसारखा. ठिपका पुढे येतोय असं वाटतच नव्हतं. तो जागच्या जागी मोठा होत होता, फूल उमलावं तसा, घाई न करता. कानसेनला वाटलं, हा काही वेग नव्हे, वेग असा शांत कसा असेल? आणि तेवढ्यात तो ठिपका वळल्यासारखा झाला, त्याला कूस आली, लांबी आली, आणि थोरली समोर होती.

चाकं त्याच्या डोक्याएवढी उंच होती. त्यांतले आरे नाहीसे झाले होते. चाकांच्या जागी धुरकट काचेच्या तबकड्या होत्या, आणि त्यांच्यातून पलीकडचं शेत दिसत होतं, शेतातलं एकुलतं झाड दिसत होतं, चौकीसमोर झेंडा धरून उभी असलेली फाटकवाली दिसत होती. आणि दांडा? ज्याला उचलताना कालच दोन माणसांची कंबर वाकली होती, तो दांडा तिथे नव्हताच. त्याच्या जागी उजेडाचा एक पट्टा हवेत तरंगत होता, पिवळा, मऊ, वजन नसलेला. तो वर होता आणि खाली होता, एकाच वेळी. त्याच्या टोकाला, जिथे कानसेनची निळी बोटं रात्रंदिवस खपली होती, तिथे एक सोन्याचं कडं गरगरत होतं. एवढं सगळं, आणि आवाज नाही. सगळं इंजिन एखाद्या विचारासारखं डोक्यातून जात होतं. खिडकीतून वादळ वाकला होता. बायकोकडून कान झाकून घेऊन उभा असलेला दोस्त बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. मग डबे, डब्यांच्या खिडक्या, खिडक्यांतले चेहरे, सगळे एका रेघेत ओढलेले. मग मोकळे रूळ. मग ते समोरचं झाड, चाकांतून दिसलं होतं तेच, आता नुसतं झाड.

बायकोने तळवे काढले. गाडीचा लांबचा आवाज पुन्हा कानात आला, पण कानसेनचं लक्ष नव्हतं.

फाटक वर गेलं. फाटकवाली पलीकडून विचारत होती, "दादा, दिसलं का? दिसलं का?" त्याने नुसता हात वर केला. सूर्य झाडांमागे गेला होता. दोघं बसथांब्याकडे चालायला लागले, तो पुढे, ती मागे, मग बरोबरीने.

"तू पाहिलंस ना?" त्याने विचारलं.

"मी कुठे! धूळ काय उडाली, मी तुमच्या पाठीवर तोंड खुपसलं होतं. हात मात्र सोडले नाहीत हं." तिने चेहरा पुसला. गालावर काजळीची रेघ होती. "आता तुम्ही सांगा."

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. केसाएवढी फट बोटाने ओळखणारा माणूस तो. चुकीचा शब्द तोंडातून काढायची त्याला सवय नव्हती. थोडं चालून तो म्हणाला, "चाकं फिरत नव्हती गं."

"म्हणजे? मग गाडी गेली कशी?"

"तेच तर." तो रस्त्याच्या मधेच उभा राहिला. "दांडा नव्हता. मी बसवलेला. तो नव्हताच तिथे. मी इतकी वर्षं... आणि तो दिसतच नाही, पळायला लागली की."

"वाईट वाटलं?"

"नाही." तो हसला. लहान पोराला गोष्ट सांगताना हसावं तसा. "नाही गं, नाही. तेवढं हलकं मी कधी काही पाहिलं नाही."

समोरून बस आली, दिव्यांची उघडझाप करत थांबली. कंडक्टर दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत होता, येताय की नाही म्हणून. दोघंही जागचे हलले नाहीत. बसने वाट पाहिली आणि ती निघून गेली.

"जाऊ दे," बायको म्हणाली. "दुसरी येईल. तुम्ही नीट सांगा. पहिल्यापासून."

कानसेनने अंगठा आणि बोट जवळ आणलं, मधे तिळाएवढी फट ठेवली, आणि ती फट डोळ्यांसमोर धरली.

"आधी ती एवढीशी होती," तो म्हणाला.